चालू ऑनलाइन दुकानाची थीम बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान आधीच सुरू आहे, रोज थोड्याफार ऑर्डरी येतात आणि आता त्याचं रूप बदलायचं आहे, अशांसाठी हे पान. उत्तरं मुख्यतः वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्स या प्लगिनला (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरला) धरून आहेत, कारण थीम बदलताना सगळ्यात जास्त गुंता तिथेच होतो. शॉपिफायवाल्यांचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

थीम बदलली तर माझी उत्पादनं, ऑर्डरी, ग्राहकांची खाती जातील का?

नाही. हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. थीम म्हणजे दुकानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचं सर्व्हरवरचं एक फोल्डर. ते बदललं म्हणून डेटाबेसमधल्या ऑर्डरी हलत नाहीत. जुन्या दुकानांत ऑर्डरी वर्डप्रेसच्या पोस्टांच्याच तक्त्यात असतात, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वूकॉमर्सच्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ते असतात. तुमचं दुकान यांपैकी कोणत्याही प्रकारचं असो, थीमचा त्याच्याशी संबंध नाही. कूपनं, शिपिंगचे दर, जीएसटीची सेटिंग्जसुद्धा जागच्या जागी राहतात. ग्राहकाने कार्टमध्ये टाकून ठेवलेला मालही तसाच राहतो.

मग एवढं घाबरायचं कशाला?

कारण थीममध्ये थीमचं नसलेलंही बरंच काही कोंबलेलं असतं. आपल्याला वाटतं भिंतीचा रंग बदलतोय, पण त्याच भिंतीतून कुणीतरी वायरिंग नेलेलं असतं.

नेहमीचं उदाहरण घ्या. तीन वर्षांपूर्वी डेव्हलपरला सांगितलं, ‘कॅश ऑन डिलिव्हरीवर ५० रुपये जादा लावायचे.’ त्याने वेगळं प्लगिन न करता दहा ओळींचा कोड थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये चिकटवला. नंतर चेकआउटवर जीएसटी क्रमांकाचा रकाना हवा झाला, तोही तिथेच गेला. ठरावीक पिनकोडांना डिलिव्हरी नाही, हा नियमही तिथेच. गूगल अ‍ॅनालिटिक्सचा आणि मेटा पिक्सेलचा, म्हणजे भेटी आणि जाहिरातींचा परिणाम मोजणारा, कोड हेडरच्या फाइलमध्ये. आता थीम बदलली की हे सगळं एका क्षणात बंद पडतं, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही. दुकान झकास दिसतं, ऑर्डरी येतात, फक्त कॅश ऑन डिलिव्हरीचे ५० रुपये लागत नाहीत आणि जाहिरातींचा हिशेब शून्य दाखवतो. महिनाअखेरीला हिशेब लावताना ते लक्षात येतं. दुकान उघडलंच नाही, तर निदान लगेच कळतं. हे गुपचूप होणारं नुकसान जास्त महागात जातं.

याशिवाय थीमच्या सेटिंग्ज पानातून लावलेला लोगो, रंग, फूटरचा मजकूर आणि ‘अतिरिक्त सीएसएस’मध्ये (रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) लिहिलेलं सगळं त्या-त्या थीमच्या नावाने साठवलेलं असतं. नव्या थीमला ते दिसत नाही, जुनीकडे परत गेलात की पुन्हा हजर होतं. मेनू टिकतात, पण ते कुठे दाखवायचे ती जागा पुन्हा नेमून द्यावी लागते. नव्या थीममध्ये जागा न मिळालेली विजेट्स (बाजूच्या पट्टीत, फूटरमध्ये बसवलेले छोटे तुकडे) ‘निष्क्रिय’ यादीत जाऊन बसतात.

जुन्या थीममध्ये काय दडलं आहे, ते कसं शोधायचं?

आधी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला हात न लावता बदल ठेवण्यासाठी केलेली जोड-थीम, वापरात आहे का ते बघा. असेल तर काम सोपं, कारण मूळ थीमवर केलेले बहुतेक बदल त्या एका फोल्डरात सापडतात. नसेल, तर थीमच्या कंपनीकडून तीच आवृत्ती नव्याने उतरवून घ्या आणि तुमच्या सर्व्हरवरच्या फोल्डरशी ताडून पाहा. फरक दिसेल तिथे कुणीतरी हात घातलेला आहे.

मग वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर शेवटपर्यंत जा. थीमने वूकॉमर्सची कोणकोणती पानं स्वतःच्या पद्धतीने लिहिली आहेत आणि त्यांतली कोणती जुनाट झाली आहेत, याची यादी तिथे मिळते. नवी थीम स्टेजिंगवर (दुकानाच्या चाचणीच्या प्रतीवर) चालू केल्यावर हेच पान पुन्हा उघडा. विकत घेतलेल्या नव्या कोऱ्या थीममध्येच आठ-दहा फाइली ‘कालबाह्य’ दिसत असतील, तर ती थीम नीट सांभाळली जात नाही असं मी धरून चालतो.

तिसरी जागा म्हणजे पेज बिल्डर, कोड न लिहिता पानं मांडायचं साधन. थीमसोबत फुकट मिळालेल्या बिल्डरने ‘आमच्याविषयी’ किंवा मुखपृष्ठ बनवलं असेल, तर नव्या थीममध्ये त्या पानांवर मजकुराच्या मधेमधे चौकोनी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे बिल्डरसाठीच्या खुणा, उघडे पडतात. ती पानं हाताने नव्याने लिहावी लागतात, दुसरा उपाय नाही. थीमबरोबर आलेल्या स्लायडरचं किंवा बिल्डरचं लायसन्ससुद्धा अनेकदा त्या थीमपुरतंच असतं.

सापडलेला कामाचा कोड नव्या थीमच्या ‘फंक्शन्स’मध्ये टाकू नका. एका छोट्या वेगळ्या प्लगिनमध्ये किंवा कोड स्निपेट सांभाळणाऱ्या प्लगिनमध्ये हलवा, आणि हे काम थीम बदलण्याच्या आधी, जुनी थीम चालू असतानाच करा. त्यामुळे पुढे काही बिघडलं तर ते हलवण्याने बिघडलं की थीमने, हे कळतं.

स्टेजिंग कॉपी लागतेच का? थीमचा लाइव्ह प्रिव्ह्यू आहे की.

प्रिव्ह्यू रंगरूप बघायला ठीक आहे. चेकआउटपासून पैसे जमा होण्यापर्यंतचा प्रवास त्यात नीट तपासता येत नाही. शिवाय मेनू आणि विजेट्समध्ये केलेले काही बदल प्रकाशित करताना चालू दुकानावरही जातात. स्टेजिंग म्हणजे दुकानाची हुबेहूब प्रत वेगळ्या पत्त्यावर. बहुतेक होस्टिंग कंपन्या ती एका बटणावर करून देतात. तुमची देत नसेल तर त्यासाठी प्लगिनं आहेत.

स्टेजिंगवर सगळं तयार झालं. आता ‘पुश टू लाइव्ह’ दाबलं की झालं ना?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

समजा, सोमवारी प्रत काढली. आठवडाभर डेव्हलपरने त्यावर काम केलं. त्या आठवड्यात खऱ्या दुकानात ऑर्डरी येत राहिल्या, कुणी पत्ता बदलला, कुणी नवं खातं उघडलं, काही मालाचा साठा संपला. पुढच्या सोमवारी तुम्ही स्टेजिंगचा डेटाबेस लाइव्हवर ढकलला. क्षणात दुकान एक आठवडा मागे जातं. मधल्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या जातात. पैसे मात्र पेमेंट गेटवेकडे जमा झालेले असतात, ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये ऑर्डरचा ईमेल असतो, आणि तुमच्याकडे त्याचं नावही नसतं. संपलेला माल पुन्हा ‘उपलब्ध’ दिसू लागतो.

पुढचा घोळ त्याहून वाईट. नव्या ऑर्डरींना तेच क्रमांक पुन्हा मिळू शकतात. बिलाचा क्रमांक ऑर्डर क्रमांकावरून पाडत असाल, तर एकाच क्रमांकाची दोन बिलं निघतात. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. मग सीएच्या समोर बसून खुलासे देत राहा.

म्हणून नियम असा, की स्टेजिंगवरून लाइव्हवर फक्त फाइली जातात, डेटाबेस नाही. म्हणजे थीमचं फोल्डर, चाइल्ड थीमचं फोल्डर, आणि लागलं तर तुमचं छोटं प्लगिन. थीमची सेटिंग्ज निर्यात-आयात करून न्या किंवा स्क्रीनशॉट बघून हाताने पुन्हा भरा. नव्या धर्तीची ब्लॉक थीम (पानाचा प्रत्येक भाग ब्लॉकांनी बनवलेली) असेल तर साइट एडिटरमध्ये केलेले बदल डेटाबेसमध्ये बसतात, त्यामुळे तेही निर्यात करून थीमच्या फाइलींतच आणावेत. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला फार तर एक दुपार लागते. हरवलेल्या ऑर्डरी गेटवेच्या नोंदींवरून एकेक करून उभ्या करायला याच्या कितीतरी पट वेळ जातो.

काही होस्टिंग कंपन्या ‘ठरावीक तक्तेच ढकला’ अशी सोय देतात. कोणत्या तक्त्यात काय आहे हे तुम्हाला किंवा डेव्हलपरला नेमकं माहीत नसेल, तर ती वापरू नका.

स्टेजिंगवर काम चालू असताना ग्राहकांना विचित्र ईमेल गेले. असं कसं?

प्रत हुबेहूब असते, म्हणजे ग्राहकांचे ईमेल पत्ते, वेळापत्रकावर लावलेली कामं, पेमेंटच्या खऱ्या किल्ल्या, सगळं त्यात आलेलंच असतं. म्हणून प्रत काढल्या काढल्या, थीमला हात लावण्याआधी, बाहेर जाणारे ईमेल बंद करा, गेटवे टेस्ट मोडवर टाका, कुरिअर आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशांची जोडणी तोडा आणि पानावर पासवर्ड लावा. पासवर्ड असला की गूगलही आत शिरत नाही.

थीम कधी बदलावी?

तुमच्या मालाचा हंगाम ओळखा. देवगड-रत्नागिरीचा हापूस विकणाऱ्याने मार्च ते मेमध्ये थीमकडे बघूही नये, त्याला ऑगस्ट उत्तम. पैठणी, दागिने, फराळ, कंदील यांचं दुकान असेल तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत हात आखडता घ्या आणि दिवाळी उरकल्यावर काम काढा. पितृपक्षात खरेदी मंदावते म्हणून तेव्हा बदलू, असा विचार अनेक जण करतात. मला तो पटत नाही, कारण पंधरवडा संपला की लगेच नवरात्र येतं आणि नव्या थीममधल्या चुका ऐन गर्दीत उघड्या पडतात.

वाराबद्दल सांगायचं तर मंगळवार किंवा बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही, कारण शनिवार-रविवारी ना डेव्हलपर सापडतो, ना गेटवेच्या मदत विभागात कामाचं माणूस.

वेळेबाबत सगळे ‘मध्यरात्री करा’ म्हणतात. मी पहाटे सहा-साडेसहा सुचवतो. गर्दी तेव्हाही नसते, तुमची झोप झालेली असते, आणि दोन-तीन तासांत मदतीला माणसं जागी होतात. तुमचा माल परदेशात जात असेल तर मात्र घड्याळ वेगळं लावा. आपल्याकडे रात्रीचे तीन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, म्हणजे तिथल्या मराठी घरात ऑफिसमधून सुटून फराळाची ऑर्डर द्यायची वेळ. अंदाज बांधण्यापेक्षा तुमच्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींच्या वेळा बघा.

त्या वेळात दुकान बंद ठेवायचं का?

तयारी झाली असेल तर गरज नाही. थीम सक्रिय करणं ही काही सेकंदांची गोष्ट आहे. नंतरच्या तपासणीसाठी अर्धा तास हवा असेल आणि धाकधूक असेल, तर वूकॉमर्सच्या ‘लवकरच येत आहे’ सोयीने फक्त दुकानाची पानं झाका, बाकी साइट दिसू द्या. तास-दोन तासांच्या वर ठेवू नका.

प्रत्यक्ष बदलायच्या दिवशी काय क्रम ठेवायचा?

फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा ताजा बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर न ठेवता बाहेर कुठेतरी उतरवा. हा बॅकअप परत कसा आणायचा हे आधी एकदा स्टेजिंगवर करून पाहिलेलं असावं. तसं केलेलं नसेल तर बॅकअपचा नुसता दिलासा असतो. वर्डप्रेस, वूकॉमर्स आणि प्लगिनांचे अपडेट आठवडाभर आधीच उरकलेले असावेत. थीमच्या दिवशी फक्त थीम.

नंतर नवी थीम सक्रिय करा, मेनूच्या जागा नेमा, लोगो-फूटर तपासा, आणि मग सगळ्या पातळ्यांवरचा कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) साफ करा: प्लगिनचा, होस्टिंगचा आणि क्लाउडफ्लेअरसारखं काही असेल तर त्याचाही. निम्म्या वेळा ‘थीम बिघडली’ अशी हाक येते तेव्हा जुनी सीएसएस आणि नवं पान यांची सरमिसळ झालेली असते. कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं कॅशेतून वगळलेली आहेत ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसण्यापर्यंत प्रकार जातो.

पेमेंट चालतंय हे कसं तपासायचं? टेस्ट मोड पुरे नाही का?

पुरे नाही. एक रुपयाचं उत्पादन बनवा, ते कॅटलॉगमधून लपवा, आणि खऱ्या पैशांनी विकत घ्या. यूपीआयने एकदा, कार्डाने एकदा, कॅश ऑन डिलिव्हरीने एकदा. लॅपटॉपवर क्यूआर स्कॅन होतो म्हणून खूश होऊ नका. फोनवर बटण दाबल्यावर यूपीआय अ‍ॅप उघडतं का आणि पैसे दिल्यावर माणूस परत ‘ऑर्डर मिळाली’ या पानावर येतो का, हे बघा. इन्स्टाग्रामवरून गिऱ्हाईक येत असेल तर लिंक इन्स्टाग्रामच्या आतच उघडून हाच प्रयोग करा, कारण त्या आतल्या ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅपकडे जाणारी उडी कधी कधी चुकते.

फोन कोणता? तुमचा नवा महागडा नको. घरात कुणाचा तरी जुना, भरलेल्या मेमरीचा अँड्रॉइड असतोच, तो घ्या आणि वायफाय बंद करा.

ऑर्डर झाल्यावर आणखी चार ठिकाणी डोकावा. तुम्हाला आणि ग्राहकाला ईमेल गेला का, साठा एकने कमी झाला का, गेटवेवर रक्कम दिसते का, आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये खरेदीची नोंद एकदाच पडली का. दोनदा पडत असेल तर कोड थीममध्येही आहे आणि प्लगिनमध्येही. शेवटी तो रुपया रिफंड करून तोही मार्ग चालतो का पाहा.

चेकआउटवरचा जीएसटी क्रमांकाचा रकाना गायब झाला. कोड तर प्लगिनमध्ये हलवला होता!

चेकआउटचं पान बदललं असण्याची दाट शक्यता आहे. वूकॉमर्समध्ये चेकआउट दोन प्रकारचं असतं: जुनं शॉर्टकोडवरचं आणि नवं ब्लॉकवरचं. नोव्हेंबर २०२३ मधल्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानांत ब्लॉकवरचं आपोआप येतं. तुमचं जुनं दुकान शॉर्टकोडवर असेल आणि नव्या थीमचा ‘डेमो आयात करा’ (थीमसोबतची नमुना पानं आणि उत्पादनं आणणारं बटण) दाबताना चेकआउटचं पानच बदललं असेल, तर जुन्या पद्धतीने लिहिलेले रकाने ब्लॉकमध्ये दिसतच नाहीत. चेकआउट पानावर पुन्हा शॉर्टकोड टाकला की ते परत येतात.

यावरून आणखी एक सांगणं: चालू दुकानात डेमो आयात करू नका. दुसऱ्याचे सोफे आणि टी-शर्ट तुमच्या लोणच्यांच्या शेजारी येऊन बसतात.

नव्या थीममध्ये मराठी मजकूर विद्रूप दिसतो. काय करू?

थीम बनवणाऱ्याने फक्त रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवलेली असतात, त्याचा हा परिणाम. मॉन्सेराट किंवा लाटो या लोकप्रिय फाँटांत देवनागरी नाही. मग ब्राउझर फोनमधला जो मिळेल तो देवनागरी फाँट उचलतो, आणि प्रत्येक फोनवर दुकान वेगळं दिसतं. मुक्ता, हिंद, बलू २ किंवा पॉपिन्स निवडा. या सगळ्यांत देवनागरी आहे आणि ते गूगल फाँट्सवर मोफत मिळतात.

मग सीएसएसमध्ये दोन गोष्टी तपासा. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्य करा, कारण देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘पैठणी’ची मण्यांची माळ होते. ओळींमधलं अंतर १.२ वगैरे असेल तर ते १.५ च्या आसपास न्या, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. बटणांवर ‘कार्टमध्ये टाका’ हे ‘बाय’पेक्षा कितीतरी लांब आहे, ते फोनवर दोन ओळींत मोडतं का तेही बघा. साइटची भाषा ‘मराठी’ अशीच लावा. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, ते त्यानंतरच दिसतात. आणि ₹ चिन्ह किमतीच्या आकड्यांशेजारी परकं वाटत असेल, तर आकड्यांच्या फाँटमध्ये ते चिन्हच नाही असं समजा.

थीमसोबत ‘आत्ता १७ जण हे बघत आहेत’ आणि उलटं चालणारं घड्याळ मिळालं. लावू का?

खोटं असेल तर नको. पान उघडलं की दर वेळी पंधरा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ किंवा मनाने ठरवलेला १७ चा आकडा याला खोटी घाई म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ फसवे प्रकार नोंदवले आहेत, त्यांत हा आहे. ग्राहकाच्या नकळत कार्टमध्ये काहीतरी घुसवणं, आणि ‘नको, मला बचत आवडत नाही’ असं लाजवणारं बटण, हेही त्यांतच. विकतच्या थीममध्ये यांतलं बरंच काही मुळातच चालू करून ठेवलेलं असतं. एकेक करून बंद करा.

याच ओघात फूटर बघा. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पद-संपर्क साइटवर दिसायला हवं. ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकटीतून घेता येत नाही. पॅकबंद माल विकत असाल तर वजनमाप नियमांप्रमाणे एमआरपी, निव्वळ वजन, मूळ देश, उत्पादक वगैरे माहिती उत्पादनाच्या पानावर लागते. जुन्या थीममध्ये ही माहिती एखाद्या खास टॅबमध्ये असेल, तर नव्या थीममध्ये तो टॅब असेलच असं नाही. परतावा, गोपनीयता, अटी यांच्या लिंकाही फूटरसोबत गायब होतात, आणि गेटवेवाले खातं उघडताना नेमकी हीच पानं बघतात.

गूगलवरचं माझं स्थान घसरेल का?

थोडी हालचाल होते, सहसा स्थिरावते. पानांचे पत्ते थीमवर अवलंबून नसतात, म्हणून ते बदलू नका. घसरण होते ती बहुधा तीन कारणांनी. स्टेजिंगवर लावलेली ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही खूण लाइव्हवर आली. किंवा कॅटेगरीखालचा मजकूर नवी थीम दाखवतच नाही. किंवा उत्पादनाची संरचित माहिती, म्हणजे किंमत आणि उपलब्धता गूगलला सांगणारा भाग, निघून गेला. वूकॉमर्स ही माहिती उत्पादनाच्या पानावरच्या एका ठरावीक हुकवरून (कोड अडकवण्यासाठी पानात ठेवलेल्या जागेवरून) तयार करतं. थीमने ते पान स्वतःच्या मनाने लिहून हुक वगळला की माहितीही जाते. गूगलच्या रिच रिझल्ट चाचणीत एक उत्पादन टाकून पाहा.

वेगही मोजा, पण मुखपृष्ठाचा नको, उत्पादनाच्या पानाचा. मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बटणाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पानाच्या उड्या मोजणारा आकडा ०.१ च्या खाली असावा, या गूगलच्या मर्यादा आहेत. आकडे जुन्या थीमवर आधीच काढून ठेवले नसतील तर तुलना कशाशी करणार?

सगळे फोटो धूसर किंवा कापलेले दिसतात.

नव्या थीमला वेगळ्या मापाचे फोटो लागतात. वूकॉमर्स ३.३ पासून ते मागच्या बाजूला आपोआप नव्याने बनतात, थोडा वेळ द्या. नाही झालं तर स्टेटसमधल्या टूल्समध्ये थंबनेल पुन्हा बनवायची सोय आहे.

माझं दुकान शॉपिफायवर आहे. मलाही एवढा खटाटोप?

बराच कमी. तिथे नवी थीम अप्रकाशित ठेवून त्यावर हवं तितकं काम करता येतं. उत्पादनं आणि ऑर्डरी एकाच जागी असतात, त्यामुळे डेटाबेस ढकलण्याचा धोकाच नाही. ‘प्रकाशित करा’ दाबलं की जुनी थीम यादीत खाली जाते आणि पुन्हा वर आणता येते. चेकआउट तर थीमचा भागच नाही. मात्र प्रिव्ह्यूमध्ये खरेदी केलीत तर ती ऑर्डर खरीच पडते, हे विसरू नका.

अडकायला होतं ते अ‍ॅप्समध्ये. रिव्ह्यू, व्हॉट्सअ‍ॅप बटण, पिनकोड तपासणी अशी अ‍ॅप्स थीममध्ये ‘एम्बेड’ म्हणून चालू केलेली असतात. नव्या थीममध्ये ती प्रत्येक पुन्हा चालू करावी लागतात. काही जुन्या अ‍ॅप्सनी थीमच्या फाइलींत थेट कोड टाकलेला असतो, तो आपोआप येत नाही. आणखी एक: काही उत्पादनांना तुम्ही खास टेम्प्लेट नेमलं असेल आणि नव्या थीममध्ये त्या नावाचं टेम्प्लेट नसेल, तर ती मुकाट्याने साध्या टेम्प्लेटवर जातात. मापांचा तक्ता गायब झाला, ही तक्रार बहुधा यातूनच येते.

ओळखीच्या एकाने पैशांची थीम फुकट दिली आहे. वापरू?

नको. लायसन्सची तटबंदी काढून वाटल्या जाणाऱ्या प्रतींमध्ये मागचं दार ठेवलेलं असण्याचा धोका मोठा असतो. ब्लॉगवर त्याने नको त्या जाहिराती दिसतील. दुकानावर मात्र तेच चेकआउटवर लिहिला जाणारा कार्ड क्रमांक चोरू शकतं. शिवाय अपडेट मिळत नाहीत. पैसे नसतील तर वूकॉमर्सची स्वतःची स्टोअरफ्रंट थीम फुकट आहे. दिसायला साधी आहे, पण तिच्यावर धंदा करता येतो.

बदल केला आणि गडबड झाली. बॅकअप परत आणू?

थांबा. आधी फक्त जुनी थीम पुन्हा सक्रिय करा आणि कॅशे साफ करा. बहुतेक वेळा एवढ्याने दुकान मार्गी लागतं. जुनी सेटिंग्ज तिच्या नावाने जपलेली असल्याने तीही परत येतात. अ‍ॅडमिनमध्येच शिरता येत नसेल, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून नव्या थीमच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला थीम सापडली नाही की अ‍ॅडमिन उघडतं आणि तिथून जुनी निवडता येते.

पूर्ण बॅकअप परत आणणं हा शेवटचा उपाय, कारण बॅकअपनंतर आलेल्या ऑर्डरी त्यात नसतात. आणायचाच झाला तर आधी नव्या ऑर्डरींची सीएसव्ही उतरवून घ्या.

मागे फिरायचं कधी, हे आदल्या दिवशीच लिहून ठेवा. मी सहसा अशी रेघ मारतो: पेमेंट अडलं आणि पंधरा मिनिटांत कारण सापडलं नाही तर सरळ जुनी थीम. बटणाचा रंग चुकला, बॅनर सरकला, अशा गोष्टींसाठी मागे फिरायचं नाही. त्या दुपारी दुरुस्त होतात. ही रेघ आधी मारलेली नसली की डेव्हलपर ‘आणखी दहा मिनिटं’ म्हणत राहतो आणि दुकान दुपारपर्यंत लंगडतं.

जुनी थीम कधी काढून टाकू?

महिनाभर ठेवा. त्या काळात पगाराचा आठवडा, महिन्याचा हिशेब, एखादा परतावा, जाहिरातींचा अहवाल, सगळं एकदा नव्या थीमवरून जातं. तोवर तिचे अपडेट करत राहा, कारण निष्क्रिय थीममधली भोकंसुद्धा हल्लेखोरांना चालतात. मग तिच्या फोल्डरची झिप करून स्वतःकडे ठेवा आणि सर्व्हरवरून काढा. नवी थीम ही चाइल्ड असेल, तर तिची मूळ थीम चुकून उडवू नका.